पाळणाघर वाढवायला परवानगी द्या, अटी हव्या तेवढ्या घाला : नियोजन समितीला आणि शेजाऱ्यांना खुलं पत्र

नियोजन समितीचे सगळे सदस्य आणि आमच्या गल्लीतले सगळे शेजारी, नमस्कार.

आमच्या पाळणाघराचा अर्ज तुमच्यासमोर आहे. सध्या 18 मुलांची परवानगी आहे, 36 ची मागितलीय. तळमजल्यावर जे चालतं ते वरच्या मजल्यावरही चालवायचं, मागच्या बाजूला एक नवीन जिना, कंपाउंडच्या आत चार गाड्या थांबतील एवढी जागा, आणि बाहेरून घर आत्ता दिसतं तसंच राहणार. अर्ज एवढाच आहे. पण गेटवर नोटीस लागल्यापासून गल्लीत जे काय काय ऐकू येतंय ते बघता सुनावणीत मिळणाऱ्या दोन-तीन मिनिटांत माझं काही बोलून होणार नाही हे कळलं, म्हणून इथे लिहितेय. लांबलंय, आधीच सांगते.

लेखी हरकती आल्यात त्या सगळ्या मी वाचल्या. बहुतेकांचा सूर एकच, की हा रहिवासी झोन आहे, इथे धंदा नको, पाळणाघर वाढवायचंच असेल तर बाईंनी कमर्शियल भागात जागा बघावी. आता झोनिंग ही भानगड मुळात आली कशासाठी तर कारखान्याचा धूर, भट्ट्या, गोडाऊनची वाहतूक लोकांच्या खिडकीखाली येऊ नये म्हणून. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1926 साली युक्लिड गावाच्या खटल्यात झोनिंगला हिरवा कंदील दिला आणि तिथून ही पद्धत जोरात पसरली. त्याच निकालात स्वतंत्र घरांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या अपार्टमेंटला चक्क परजीवी म्हटलंय! (मी स्वतः आता मागच्या गल्लीत फ्लॅटमध्ये राहते, त्यामुळे हे वाचून मजा वाटली.) सांगायचा मुद्दा, एखादी गोष्ट वस्तीत शोभते की नाही याबद्दलचं मत काळाप्रमाणे बदलत आलंय, आणि ते ठरवताना दिवसभर तिथे नक्की काय होतं हे बघायला पाहिजे, नुसतं पैसे घेतात का एवढंच बघून चालत नाही. पैसे तर घरून शिकवण्या घेणारेही घेतात आणि घरात बसून लॅपटॉपवर ऑफिस चालवणारेही घेतात.

कमर्शियल भागात जागा मी बघितल्या आहेत. दुकानाचे गाळे असतात, पुढे मोठा रस्ता, मागे भिंत, खिडकी एकाच बाजूला, बाहेर पडायचा रस्ता एकच, आणि मुलांना मातीत बसायला इंचभर जागा नाही. दोन वर्षांच्या मुलाला दिवसाचे नऊ-दहा तास तिथे ठेवायचं? आणि लहान मुलांची सोय मुलांच्या घराजवळच पाहिजे हे काही मी नवीन सांगत नाहीये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला 1945 साली काम सुरू केलं तेव्हा त्यांनाही हाच अनुभव आला, एका ठिकाणी बालवाडी काढली तर वस्तीतली मुलं तिथपर्यंत यायची नाहीत, मग त्यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली आहे. सरकारी योजना वगैरे सगळं त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं.

असो. आता खऱ्या हरकतींकडे येते, कारण सगळ्या हरकती काही उगाच घेतलेल्या नाहीत.

ट्रॅफिकची हरकत एकदम रास्त आहे. शाळेसारखं मूल गेटवर उतरवलं आणि गाडी पुढे गेली असं पाळणाघरात होतच नाही. आई आत येणार, मुलाचे बूट काढणार, बॅग खुंटीला लावणार, मग ताईंना सांगणार की रात्री ताप होता, औषध बाराला द्या, आज बाबा न्यायला येतील, आणि एवढं होऊन ती निघाली की मूल पायाला मिठी मारणार, मग परत दोन मिनिटं. एक आमचा छोटा मित्र तर बाबांचं हेल्मेट घालूनच आत येतो आणि ते काढायला तयारच होत नाही, बाबा बिचारे हेल्मेटशिवाय जाऊ शकत नाहीत म्हणून दारात उभे. तोपर्यंत गाडी रस्त्यावर, इंडिकेटर टिकटिक करत, आणि ती नेमकी समोरच्या काकांच्या गेटपुढे. काकांना त्याच वेळी गाडी काढायची असते. काका चिडतात ते बरोबरच आहे, मी त्यांच्या जागी असते तर मीही चिडले असते.

आत्ता सगळे साडेआठ ते सव्वानऊ याच वेळात येतात. मुलं दुप्पट झाली आणि बाकी काहीच बदललं नाही तर गेटवर कोंडी होणार यात वादच नाही. म्हणून आर्किटेक्टकडे बसून साधा हिशोब केला तो इथे मांडते, चुकत असेल तर कोणीही तपासा. 36 मुलं म्हणजे 36 गाड्या नाहीत. आत्ताच्या 18 पैकी 7 मुलं चालत येतात, काही सख्खी भावंडं आहेत, वेटिंग लिस्टवरची बरीच नावं याच भागातली आहेत. हे धरून सकाळी साधारण 22 गाड्या होतात, टू-व्हीलर धरून. त्या आम्ही पावणेआठ ते साडेनऊ अशा वाटून देणार, प्रत्येक पालकाला ठरलेला वेळ, म्हणजे 105 मिनिटं. एक गाडी सरासरी साडेसात मिनिटं थांबते असं धरलं तर एका वेळी सरासरी दोनसुद्धा गाड्या उभ्या नसतात. पण सरासरीवर कोणी विश्वास ठेवू नये, पाऊस असला की सगळे एकदमच येतात, म्हणून जागा दोन नाही तर चार गाड्यांची ठेवलीय आणि तीही कंपाउंडच्या आत, रस्त्यावर एकही नाही. संध्याकाळी प्रश्न कमी आहे कारण चार ते सात असे लोक आपोआपच मागेपुढे येतात.

यात एक मुद्दा हरकतीत कोणीच काढलेला नाही तो मीच काढते. मुलं वाढली की ताया पण वाढणार. आठ जणी लागतील. त्यांच्या गाड्या कुठे? तर त्यांना गल्लीत गाडी लावायची नाही ही अट मला अर्जातच घालून हवीय. बहुतेक जणी चालत किंवा बसने येतात, ज्या दोघी टू-व्हीलरवाल्या आहेत त्यांची सोय मागच्या बाजूला होते.

आवाज. याच्यावर लोक सगळ्यात जास्त बोलतात आणि इथेच मला वाटतं आकडा नीट बघायला पाहिजे. मुलं दुप्पट झाली म्हणून आवाज कानाला दुप्पट वाटत नाही. सारख्या आवाजाचे स्रोत दुप्पट केले की 3 डेसिबल वाढतात, आणि माणसाच्या कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल वाढावे लागतात. हे पाठ्यपुस्तकातलं विज्ञान आहे, माझी सोय म्हणून काढलेलं नाही. पण तो हिशोब सगळी मुलं एकदम बाहेर सोडली तर. आत्ता 18 च्या 18 एकदम अंगणात येतात कारण ताया कमी आहेत, सगळ्यांना एकत्र सांभाळणं सोपं जातं. नवीन अर्जात लिहून दिलंय की एका वेळी 12 च्या वर मुलं बाहेर नसतील. म्हणजे परवानगी मिळाली तर अंगणात एका वेळी आत्तापेक्षा कमी मुलं दिसतील! अंगण जास्त वेळ वापरात राहील हे मात्र खरं, तेही लपवत नाही.

बाजूला कुंपणाला दाट झाडं लावू असं मी आधी म्हणत होते, तेव्हा आर्किटेक्ट म्हणाले झाडं दिसायला छान, पण पानांमधून आवाज सरळ जातो, अडवायचा असेल तर फटी नसलेली भरीव भिंत पाहिजे आणि ती पोरांच्या डोक्याच्या वर पाहिजे. म्हणून सहा फुटी भिंत नकाशात आहे. वरच्या मजल्यावर शेजारच्या बाजूच्या खिडक्यांना डबल काच, त्या उघडायच्या नाहीत, हवा दुसऱ्या बाजूने. ज्यांना दुपारी मुलं दंगा करतील अशी भीती वाटते त्यांनी एकदा दुपारी एकनंतर येऊन बघावं. सतरंज्या पडलेल्या असतात, पडदे ओढलेले, एक ताई मधे बसून डाव्या हाताने एकाची पाठ थोपटतेय आणि उजव्या हाताने दुसऱ्याची, आणि तिसरं मूल तिच्या मांडीला पाय टेकवून झोपलंय कारण त्याला तसंच लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली लहान मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसभरात 11 ते 14 तास झोप हवी असं म्हटलंय, दुपारची धरून. त्यामुळे एक ते तीन या वेळात आमच्याइतकी शांतता गल्लीत कुणालाच नको असते, बोअरवेलवाला आला तरी आम्हीच पहिल्यांदा जाऊन हात जोडतो.

एक शेजारी मात्र असे आहेत ज्यांच्यासाठी माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. त्यांचा मुलगा नाइट शिफ्ट करतो, सकाळी घरी येऊन झोपतो, आणि त्याची खिडकी आमच्या अंगणाच्या बाजूला आहे. भिंतीने फरक पडेल, घसरगुंडी आणि वाळूचा खड्डा दुसऱ्या टोकाला नेलाय, सकाळी साडेदहाच्या आत बाहेरचा खेळ नाही असंही लिहून द्यायला तयार आहे, पण साडेदहाला कोणी पडलं आणि रडलं तर ते ऐकू जाणारच. समितीने त्यांचं म्हणणं वेगळं ऐकून घ्यावं आणि अजून काय करता येईल ते सुचवावं.

बाकी मुलांच्या आवाजाला प्रदूषण म्हणायचं का हा प्रश्न जगात बऱ्याच ठिकाणी येऊन गेलाय. जर्मनीत शेजारी कोर्टात जायला लागले तेव्हा 2011 साली त्यांनी थेट केंद्रीय कायद्यात घातलं की पाळणाघर किंवा खेळाच्या मैदानातून येणारा मुलांचा आवाज हा सर्वसाधारणपणे हानिकारक धरायचा नाही. मग 2013 मध्ये फक्त घरांसाठी राखलेल्या भागातही त्या भागातल्या रहिवाशांच्या गरजेपुरती पाळणाघरं चालतील असा बदल केला. टोकियोत 2015 साली आवाजाच्या मर्यादेतून शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांचे आवाज वगळले. कॅलिफोर्नियात 2020 पासून स्वतःच्या राहत्या घरात 14 मुलांपर्यंतचं पाळणाघर हा घराचाच वापर धरतात, झोनिंगची वेगळी परवानगी लागत नाही. आता कोणी म्हणेल बाईंची 36 मुलं आहेत आणि बाई तिथे राहतही नाहीत, तर हो, आम्ही त्या 14 च्या नियमात बसत नाही, म्हणून तर रीतसर अर्ज केलाय. पण त्या भागातल्या रहिवाशांच्या गरजेपुरतं हे जर्मन लोकांचं वाक्य मला आवडलंय. आमच्या अर्जात पण तसं घाला ना, की प्रवेश देताना आधी याच भागातली मुलं, मग जागा उरली तर बाकीची.

एका हरकतीत लिहिलंय की मुलं कोंबून भरणार. हे मात्र वाचून राग आला. इंग्लंडचे नियम बरेच कडक धरले जातात, त्यात दोन वर्षांखालच्या मुलामागे 3.5 चौरस मीटर, दोन वर्षांच्या मुलामागे 2.5 आणि तीन ते पाचवाल्यांना 2.3 अशी आतली वापरायची जागा लागते. आमच्या अर्जात 10 तान्ही आणि रांगती, 10 दोन वर्षांची, 16 मोठी. गुणाकार केला तर 97 च्या आत येतं. आमच्याकडे किचन, बाथरूम, ऑफिस सोडून दोन्ही मजल्यांवर मिळून 150 चौरस मीटर आहे. आठ ताया म्हटलं तेही तिथलंच प्रमाण धरून, तान्ह्यांमध्ये 3 मुलांमागे एक, दोन वर्षांच्यात 5 मागे एक, मोठ्यांत 8 मागे एक.

आगीचं विचारलंय त्यांना थोडक्यात, तान्ही मुलं खालीच राहणार, वर फक्त स्वतःच्या पायाने जिना उतरू शकणारी, वरून उतरायला दोन वेगळे जिने, आणि खाली चाकांचा मोठा पाळणा घेतोय ज्यात चार-पाच बाळं एकदम ठेवून दाराबाहेर ढकलत नेता येतात. बाकी अग्निशमनवाले तपासतीलच, त्यांच्या एनओसीशिवाय काही चालू होणार नाही.

घरांच्या किमती पडतील हा मुद्दा मी सोडून देतेय. वेटिंग लिस्टवर नाव घालायला जे येतात त्यातले काही जण याच गल्लीत भाड्याने घर मिळेल का विचारून जातात, त्यावरून ज्याने त्याने काय ते ठरवावं.

आता वाढवायचंच कशाला, आहे ते चाललंय ना, असं आमच्या एका काकूंनी तोंडावर विचारलं. सरळ विचारलं म्हणून बरं वाटलं. तर काकू, चाललंय म्हणजे कसंबसं चाललंय. दोन वर्षांखालची मुलं घ्यायची म्हणजे तीन मुलांमागे एक माणूस, त्यांची फी कितीही लावली तरी त्या एका ताईचा पगार, जागेचा खर्च निघत नाही, आणि फी तेवढी लावली तर आईने नोकरी करून उपयोग काय. त्यामुळे मोठ्या मुलांच्या फीमधून तान्ह्यांची खोली चालते, सगळीकडे असंच असतं. मोठी मुलं कमी असली की तान्ह्यांच्या जागा कापाव्या लागतात. आणि फोन सगळ्यात जास्त येतात ते तान्ह्यांसाठीच. पोट दिसायच्या आत नाव घालायला येतात बायका, ऑफिसमध्ये अजून सांगितलेलं नसतं, इथे मला आधी सांगतात! ताई कमी असण्याचा दुसरा त्रास म्हणजे एक जण आजारी पडली की मला सकाळी सात वाजता पालकांना फोन करून आज मुलाला आणू नका म्हणावं लागतं, आणि समोरून एकदम गप्प होतात, कारण त्यांना आता साहेबाला फोन करायचा असतो. आठ जणी असतील तर एक नसली तरी दिवस निघतो. यात माझाही फायदा आहे, मी काही समाजसेवा म्हणून चालवत नाही. फी घेते, पगार देते, उरलं तर माझं.

खरी भीती जी आहे ती हरकतींत फारशी लिहिलेली नाही पण गेटवर उभं राहून बोलताना निघते. आज पाळणाघर म्हणून परवानगी घेतील, उद्या बाई जागा विकतील आणि मग त्याच परवानगीवर क्लासेस, परवा हॉटेल, आणि एकदा झोन फुटला की गल्लीच गेली. ही भीती मला अगदी पटते, कारण असं होताना सगळ्यांनीच बघितलंय. म्हणून माझी समितीला स्पष्ट विनंती आहे की झोन बदलूच नका. रहिवासी झोन रहिवासीच ठेवा आणि त्यात फक्त पाळणाघर या एका वापरापुरती सशर्त परवानगी द्या. पाळणाघर बंद झालं की परवानगी संपली, जागा परत घर, दुसऱ्या कुठल्याही धंद्याला ती लागू नाही असं कागदावर येऊ दे. मला जागा विकताना त्याने तोटा होईल, होऊ दे. पहिली परवानगी दोनच वर्षांची द्या, मग शेजाऱ्यांना परत बोलवा, त्यांना विचारा, आणि तक्रारी खऱ्या निघाल्या तर वाढवून देऊ नका. 36 च्या वर एकही मूल नाही. सकाळी पावणेआठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर काही नाही, रविवारी बंद. लाइटवाला बोर्ड नाही, आत्ता आहे तीच दरवाज्यावरची छोटी पाटी. वाढदिवसाला, गॅदरिंगला अंगणात स्पीकर नाही. जो पालक रस्त्यावर गाडी लावेल त्याला दोनदा लेखी कळवणार, तिसऱ्यांदा त्याची सकाळची वेळ बदलून सगळ्यात शेवटची देणार, हे प्रवेशाच्या फॉर्मवरच सही घेऊन ठेवणार. तक्रारीसाठी एक फोन नंबर गल्लीतल्या प्रत्येक घरात देणार आणि तो फोन मीच उचलणार, दुसरं कोणी नाही.

समितीतल्या काही जणांचं असं मत कानावर आलंय की निर्णय पुढे ढकलावा, पूर्ण भागाचा आराखडा नव्याने होईल तेव्हा बघू. कृपया तसं करू नका. आराखड्याला किती वर्षं लागतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, तोपर्यंत आत्ता वेटिंग लिस्टवर असलेली मुलं शाळेत जायला लागलेली असतील. नाही म्हणायचं असेल तर कारण देऊन लेखी नाही म्हणा, म्हणजे मला काय दुरुस्त करायचं ते तरी कळेल.

वर लिहिलेल्या सगळ्या अटींचा मसुदा आणि दोन्ही मजल्यांचा नकाशा अर्जाला जोडलेला आहे, त्याची एक प्रत पाळणाघराच्या ऑफिसमध्ये ठेवलीय, कोणीही येऊन बघू शकतं, फोटो काढून नेला तरी चालेल. यात अजून एखादी अट घालावी असं ज्यांना वाटतं त्यांनी सुनावणीच्या आधी चार दिवस तरी लेखी द्या, साध्या कागदावर चालेल, कारण भिंत किंवा खिडकीचं काही असेल तर आर्किटेक्टला नकाशात बदल करून परत सही-शिक्के घ्यायला तेवढा वेळ लागतो.

आपली,
पाळणाघरवाली शेजारीण